दोन डोंगरांचा आलेख

सकाळी सव्वासहाला फोन वाजला तेव्हा चुडामण बोंडे आरशासमोर उभे राहून खाकी शर्टाला बिल्ला लावत होते. फोन धुळ्याहून होता, लेकीचा.

"नाना, माझी डबी फ्रिजवर राहिली!"

"कोणती डबी?"

"पांढरी, कंपासपेटीएवढी. आत चार काचा आहेत. नाना, आज साडेबाराला समिती येतेय आणि काचा तिकडे! माझे तीन महिने गेलेत त्या चार काचांवर."

चुडामणांनी फ्रिजवर हात फिरवला. डबी होती. रविवारी भाविका घरी आली होती, जळगावातल्याच एका प्रयोगशाळेत तिने काचांवर तांब्याच्या ऑक्साइडचा थर चढवला होता, आणि सोमवारी पहाटेची गाडी पकडण्याच्या घाईत नेमकी तीच वस्तू विसरली होती. त्यांच्या पत्नी लताबाईंनी दोन दिवस फ्रिजवरची धूळसुद्धा पुसली नव्हती, न जाणो पोरीच्या कामाच्या वस्तूला फडकं लागायचं.

"घाबरू नको," चुडामण म्हणाले. "माही नऊची गाडी धुळ्याचीच आहे. पावणेबाराला स्टँडवर, बाराला तुह्या कॉलेजात. माह्या हातानं आणून देतो."

"नाना, फक्त उघडू नका हां."

"मी काहून उघडू?" चुडामण दुखावल्या आवाजात म्हणाले.

चुडामण मूळचे रावेरकडचे. भाऊ केळी करत होते, आणि हे एकतीस वर्षं एसटीत वाहक. या एकतीस वर्षांत त्यांनी कधी तिकीट चुकवलं नव्हतं की कुणाची पिशवी हरवली नव्हती. पण गेली चार वर्षं त्यांच्या तोंडी या गोष्टी फारशा येत नसत. तोंडी असायची ती भाविका. ती देवपुरातल्या एका कॉलेजात सेमीकंडक्टरवर पीएच.डी. करत होती. आगारात ही बातमी पहिल्यांदा सांगितली तेव्हा एकाने विचारलं होतं, "सेमीकंडक्टर म्हणजे? अर्ध्या पगारावर घेतलं का तिला?" चुडामणांनी त्याच संध्याकाळी पोरीकडून मराठी शब्द विचारून घेतला. अर्धवाहक. डोक्यावरच्या पाटीवर 'वाहक' लिहिलेल्या सीटवर बसणाऱ्या माणसाला तो शब्द इतका आवडला, की दुसऱ्या दिवसापासून ते सांगू लागले, "मी अख्खा वाहक, अन् पोरगी अर्धवाहकांची डॉक्टर. तब्येत तपासते त्यांची. सुई न टोचता, नुसत्या उजेडानं."

नऊला गाडी सुटली. चालक निंबा धुळ्याकडचा, चुडामणांचा जुना जोडीदार. डबी चुडामणांच्या खांद्यावरच्या चामडी पिशवीत होती, आणि तिला त्यांनी स्वतःचा निळा रुमाल बांधला होता, ओळखू यावी म्हणून. त्या रुमालाची खरी गरज पुढे पारोळ्याला उभी होती.

पारोळ्याच्या स्टँडवर रक्त तपासण्याच्या एका छोट्या लॅबमधला गिरधर धावत आला. त्याच्या हातातही पांढरी डबी होती. कंपासपेटीएवढी.

"नाना, एवढं धुळ्यात पोचवा. मोठ्या डॉक्टरीणबाईंचा माणूस स्टँडवर येईल. एका म्हातारीचा ताप उतरत नाही, म्हणून रक्ताच्या काचा पाठवतोय. काचांना रंग अजून द्यायचाय, तो तिकडंच देतील. तोवर बाई इथं दवाखान्यात पडून आहेत."

"दे," चुडामण म्हणाले. "आज माही गाडी नाही रे, काचेचं दुकान झालंय." आणि गिरधरला रुमालवाल्या डबीची हकीकत सांगितल्याशिवाय त्यांनी घंटी दिली नाही.

पारोळं सोडलं की रस्ता सरळ आहे. एप्रिलचे दिवस होते. साडेदहालाच समोरचं डांबर चकाकायला लागलं, आणि दूर पाणी साचल्यासारखं दिसू लागलं. पुढच्या सीटवरचा एक सोनगीरचा पाहुणा म्हणाला, "देखा, पानी!" बस. चुडामणांना एवढं पुरे होतं.

"पाणी नाही ते. खाली डांबर तापलं, त्याच्या लगतची हवा तापली, अन् उजेड वाकला. माही पोरगी यावरच काम करते."

"डांबरावर?"

"वाकलेल्या उजेडावर! ऐका. एक काच घ्यायची, तिच्यावर पातळ थर. त्याच्यावर रंगीत उजेड पाडायचा. थरानं उजेड गिळला की तो तापणार. तो तापला की त्याच्या अंगालगतची हवा तापणार. मग त्या हवेतून लेसरचा एक बारीक किरण सोडायचा. हवा तापली असली तर किरण वाकतो. किती वाकला ते मोजलं, की थरानं कोणत्या रंगाचा किती उजेड गिळला ते कळतं. साध्या यंत्राला दिसत नाही इतकं थोडं गिळलं तरी हिला कळतं!"

"नुसतं तापल्यावरून?"

"नुसतं तापल्यावरून. अन् त्या यंत्राच्या पाटाखाली ट्रॅक्टरची ट्यूब आहे, रस्त्यावरच्या ट्रकांनी पाट हलू नये म्हणून. ती ट्यूब माह्या भावाची. रावेरहून मी आणली, गाडीच्या टपावर टाकून."

गाडीने माना डोलावल्या. पण मागच्या सीटवरच्या एका कॉलेजकुमाराने शंका काढली, "एवढ्या पातळ थराला दिसतं तरी काय?"

आता या शंकेचं समाधान तोंडाने होण्यासारखं नव्हतं. चुडामणांनी इकडेतिकडे पाहिलं. पोरीने नको म्हटलं होतं. पण पोरीचीच शान होती. त्यांनी रुमाल सोडला, डबी उघडली, आणि एक काच कडेने धरून खिडकीच्या उजेडात उंच केली. काच तांबूस दिसली, वाळलेल्या चहाच्या डागासारखी. "ओहोहो," गाडी म्हणाली.

नेमकं त्याच वेळी निंबाने ब्रेक दाबला. तपासणी पथक!

काच डबीत परत गेली, झाकण बसलं, पण रुमाल सीटवर आणि दोन्ही डब्या मांडीवर राहिल्या. तपासणीस साहेब वर चढले. गोरे, नीटनेटके, मिशीसुद्धा पट्टीने आखल्यासारखी. तिकिटं तपासली, सगळी बरोबर निघाली. मग त्यांची नजर मांडीवर गेली.

"हे काय?"

"साहेब, एकीत एका म्हातारीचं रक्त आहे, अन् एकीत अर्धवाहक."

"अर्धा वाहक?" साहेबांनी दोन्ही डब्या हातात घेतल्या. "कुठे आहे तो अर्धा वाहक, दाखवा पाहू!"

त्यांनी दोन्ही डब्या उघडल्या. दोन्हीत चार-चार काचा, दोन्हींवर तांबूस डाग. साहेबांनी वास घेतला, काही कळलं नाही म्हणून डब्या बंद केल्या. चुडामण पोरीचं शिक्षण पहिलीपासून सांगायला लागले होते. साहेब ऐकता ऐकता हळूहळू खूश होत गेले. त्यांचाही मुलगा बारावी विज्ञानाला होता. "बरं, बरं. अशी पोर हवी," ते म्हणाले, आणि त्यांच्या नीटनेटक्या स्वभावाला सीटवर पडलेला निळा रुमाल बघवेना, म्हणून जाता जाता त्यांनी तो स्वतःच्या हाताने एका डबीला व्यवस्थित बांधला. छान सरळ गाठ मारली.

कोणत्या डबीला, ते पुढे यायचं आहे.

धुळे स्टँडवर डॉक्टरीणबाईंचा माणूस वाट पाहत होता. चुडामणांनी बिनरुमालाची डबी त्याच्या हातात ठेवली. परतीची गाडी अडीचची होती. निंबा म्हणाला, "तुम्ही जा भाऊ, गाडी मी देखस. पोरनं काम पयलं." चुडामणांनी रिक्षा केली, पांझरा नदी ओलांडली आणि देवपूर गाठलं.

प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती. बाहेर भाविका येरझारा घालत होती. तिने डबी घेतली, रुमाल पाहिला.

"नाना, उघडली नाहीत ना?"

"रुमाल माह्या हातानं बांधलाय," चुडामण म्हणाले. हे खरं होतं, फक्त सकाळपुरतं.

आत समिती वेळेआधीच येऊन बसली होती. समिती म्हणजे मुख्यतः बाहेरून आलेले डॉ. अभिमन देसले, साठीचे, कमी बोलणारे. भाविकाचे मार्गदर्शक ज्ञानेश्वर सर कपाळ पुसत उभे होते. हे यंत्र सरांनी आणि भाविकाने मिळून जमवलेलं. उजेडाचे तुकडे पाडणारी चकती टेबलफॅनच्या मोटारीवर फिरत होती, आणि खाली पाटाला आधार होता तो रावेरच्या ट्यूबचा. देसले सरांनी वाकून ट्यूब पाहिली, बोटाने दाबली.

"घरगुती आहे," ते म्हणाले.

"पण अचूक आहे सर," ज्ञानेश्वर सर म्हणाले.

"ते बघू. आकडे पटले नाहीत तर सगळं काम एखाद्या मोठ्या संस्थेत पुन्हा मोजावं लागेल. वर्ष जाईल तिचं, पण इलाज नाही." मग त्यांचं लक्ष दाराशी खाकी कपड्यांतल्या माणसाकडे गेलं. "हे कोण?"

"माझे वडील, सर."

"बसा," देसले सर म्हणाले. चुडामण स्टुलावर बसले. एकतीस वर्षांत कुणी त्यांना एवढ्या आदराने बसायची जागा दिली नव्हती, ते काम त्यांचंच होतं.

दिवे मालवले. लाल टॉर्चच्या मिणमिणत्या उजेडात भाविकाने एक काच काढून यंत्रात बसवली. थर एका टोकाला फराटा ओढल्यासारखा दिसला तेव्हा तिच्या मनात आलं, की बसच्या हादऱ्यांनी खरवडला असणार. तिने मनातल्या मनात नानांना माफही केलं, आणि यंत्र सुरू केलं. चकती घरघरू लागली. पडद्यावर रेघ निघाली.

ही रेघ कशी असते हे भाविकाने नानांना पूर्वीच समजावलं होतं, त्यांच्या भाषेत. "चाळीसगावची गाडी समजा. लाल रंगाकडून निघायचं. आधी सगळं सपाट. मग कन्नडचा घाट लागतो आणि रेघ चढतच जाते. घाट जिथे सुरू होतो, ती जागा म्हणजे त्या अर्धवाहकाची ओळख."

रेघ सपाट चालली होती. मग चढ लागला. ज्ञानेश्वर सरांचा जीव भांड्यात पडला. चुडामणांनी स्टुलावरच छाती फुगवली. आणि चढता चढता रेघ थांबली, आणि खाली उतरली.

"घाट उतरला की काय?" चुडामण पुटपुटले.

रेघ पुन्हा चढली, पुन्हा उतरली. पडद्यावर शेजारी शेजारी दोन डोंगर उभे राहिले.

"मी अर्धवाहक पुष्कळ पाहिले," देसले सर म्हणाले, "पण दोन वशिंडांचा पहिल्यांदाच पाहतोय. सर, तुमची ट्यूब पंक्चर आहे बहुतेक."

"सर, मी पुन्हा घेते," भाविका म्हणाली. पुन्हा घेतलं. तेच दोन डोंगर, त्याच जागी. दुसरी काच लावली. तेच. मग तिने काहीच थर नसलेली कोरी काच लावली, तर रेघ पाट्यासारखी सपाट.

"म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही," ती हळूच म्हणाली.

"मग काय बिघडलंय?"

भाविका पडद्याकडे पाहत राहिली. चुडामणांना ती चौथीत असताना गणित अडल्यावर अशीच खालचा ओठ चावत बसायची ते आठवलं. अशा वेळी घरात कुणी भांडंसुद्धा वाजवत नसे. तिने दोन्ही डोंगरांच्या शिखरांखालचे, उजेडाच्या रंगाचे आकडे कागदावर लिहिले. पाचशे सत्त्याहत्तर. पाचशे चाळीस. आणि मान वर केली.

"सर, हे तांब्याचं ऑक्साइड नाही. हे रक्त आहे."

"काय?"

"हिमोग्लोबिन. ही दोन शिखरं त्याचीच. इतक्या पातळ थरात साध्या यंत्राला जेमतेम दिसली असती." मग ती वळली. "नाना, गाडीत कुणाला लागलं होतं का?"

सगळी खोली चुडामणांकडे पाहू लागली. चुडामणांनी आधी आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटं धड होती. मग त्यांना पारोळं आठवलं, मग तपासणीस साहेबांची छान सरळ गाठ.

गप्प बसता आलं असतं. कुणाला कधी कळलंही नसतं. डब्यांची अदलाबदल गिरधरवर ढकलता आली असती. पण ज्या पोरीने नुसत्या उजेडावरून खरं काय ते काढलं होतं, तिच्यासमोर खोटं कसं बोलायचं? चुडामण उठून उभे राहिले, वरिष्ठांसमोर उभे राहतात तसे.

"साहेब, चूक माही आहे. गाडीत दोन डब्या होत्या. एक पोरीची, अन् एक एका म्हातारीच्या रक्ताची. मी लोकांना दाखवायला उघडली. पोरीनं बजावलं होतं तरी उघडली. त्यात तपासणी आली, अन् रुमाल भलत्या डबीला बांधला गेला. पोरीचं वर्ष कापू नका. पाहिजे तर माह्यावर लिहा."

"नाना!" भाविका म्हणाली. रागाने की कशाने, ते अंधारात कळलं नाही.

देसले सर काही बोलणार, एवढ्यात चुडामणांच्या खिशातला फोन किंचाळला. गिरधर होता, आणि तो इतक्या मोठ्याने बोलत होता की समितीला वेगळं ऐकावं लागलं नाही.

"नाना, तुम्ही काय पोचवलंत? डॉक्टरीणबाईंचा फोन होता, म्हणतात काचेवर एकही पेशी नाही! मी मोठ्यानं म्हटलं, 'पेशीच नाहीत?' आणि म्हातारीचा मुलगा प्रेमराज इथंच बाकावर बसला होता! त्यानं गावात फोन केला, आईच्या रक्तात पेशीच नाहीत म्हणून. गावात पोचेपर्यंत त्याचं 'आईचं रक्तच संपलं' झालं. अकरा जण टेंपोत बसून म्हातारीला घेऊन मघाशीच धुळ्याला निघालेत, रक्त द्यायला! तुमचा फोनच लागत नव्हता!"

चुडामणांनी डबी उचलली. भाविका उठली. "सर, मला जावं लागेल. तिकडे एका बाईंचं औषध अडलंय."

"चला," देसले सरही उठले. "मी येतो. हे खरंच रक्त आहे का, ते मला बघायचंय."

एका रिक्षात चौघे बसले, ज्ञानेश्वर सर अर्धे बाहेर. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यापुढे टेंपो आधीच उभा होता. जिन्यात अकरा गडी डाव्या बाह्या वर करून ओळीने उभे होते, आणि वर खोलीत डॉक्टरीणबाई हात जोडून प्रेमराजला सांगत होत्या, "अहो, असं बाह्या वर करून आलं की रक्त चढवत नाहीत!"

"बाई, तुम्ही बोला फक्त. पयलं मन्हं घ्या," प्रेमराज म्हणत होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

ज्यांचं रक्त संपलं होतं त्या भिकुबाई बाकावर मांडी घालून बसल्या होत्या. ताप होता, डोळे तारवटले होते, पण जिना त्या स्वतःच्या पायांनी चढल्या होत्या. "ह्या बठ्ठा कोनले रगत देवाले उनात?" जिन्यातल्या सगळ्या गड्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं. "माले? मी काय मरी गऊ का?"

चुडामणांनी डबी पुढे केली आणि सगळी हकीकत दुसऱ्यांदा सांगितली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. टेबलावर भाविकाची एक काच पडली होती, जांभळी झालेली.

"तासभर रंग देतेय हिला," त्या म्हणाल्या. "चढतोय, उतरतोय. मला वाटलं माझंच औषध जुनं झालं. नवी बाटली फोडली!"

भाविकाने बाकीच्या तीन काचा पाहिल्या. धड होत्या. डॉक्टरीणबाईंनी खऱ्या डबीतल्या, यंत्रावर न गेलेल्या दोन काचा घेतल्या, त्यांना रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिन्यातले अकरा जण श्वास धरून उभे राहिले. देसले सरही.

"पेशी आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भरपूर. आणि त्यांत मलेरियाचे जंतूही आहेत. साधा मलेरिया आहे, गोळ्यांनी जाईल. प्रेमराजभाऊ, बाह्या खाली करा."

प्रेमराज खाली बसला आणि त्याने आईचे पाय धरले. भिकुबाईंना ते काही आवडलं नाही. "उठ रे, लोके देखतस," त्या म्हणाल्या.

देसले सरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भाविकाकडे वळले.

"मी मुद्दाम परीक्षा घ्यायची ठरवली असती, तरी असा नमुना मला सुचला नसता. काय आहे ते ना तुला माहीत, ना मला. यंत्रानं सांगितलं, आणि तू ते वाचलंस. आणि भरवसा ठेवलास. मी तर ट्यूबवर घसरलो होतो."

चुडामणांनी हे ऐकलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. एक वडापची जीप रिकामी उभी होती.

तेवढ्यात भिकुबाईंचं डोकं चालू लागलं होतं. "ये पोरी, मन्हं रगत कथं चढाडं तू?"

भाविकाने यंत्र सांगितलं, लेसर सांगितला, आणि समितीसाठी छापलेला कागद पर्समधून काढून दाखवला. भिकुबाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, दोन्ही डोंगरांवरून बोट फिरवलं.

"हाऊ मन्हा शे ना? मंग माले दे."

समितीचा कागद होता. भाविकाने देसले सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "दे. त्यांचाच आहे."

चुडामणांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. पोरीचा खरा प्रयोग पाहायला त्यांना थांबता येणार नव्हतं. ते जिना उतरू लागले तेव्हा भाविका मागून आली.

"नाना."

"रागाव," चुडामण म्हणाले. "हक्क आहे तुहा."

"रागावणार होते," ती म्हणाली. "पण सगळ्यांसमोर उभं राहून तुम्ही जे सांगितलंत ना, त्यानंतर रागवायला काही उरलंच नाही." मग पाणावल्या डोळ्यांनी हसली. "पुढच्या वेळी मात्र डबीला कुलूप लावणार आहे."

अडीचच्या ठोक्याला चुडामण धापा टाकत गाडीत चढले. एरंडोलच्या पुढे फोनवर एक फोटो आला. सपाट रस्ता, आणि मग घाट. रेघ चढत चढत कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेली होती. खाली देसले सरांची सही. चुडामणांनी गाडी थांबवायला सांगून तो निंबाला दाखवला. निंबाने हॉर्नवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

आता एवढी गोष्ट पदरात पडल्यावर चुडामणांनी ती धुळे मार्गावर किती वेळा सांगावी? निंबाने मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. गोष्ट दिवसेंदिवस पिकत गेली. आठवड्याभरात तीत पांझरेच्या पुलावर रिक्षा बंद पडली. दुसऱ्या आठवड्यात देसले सरांनी पोरीला नमस्कार केला.

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, पारोळ्याला भिकुबाई गाडीत चढल्या. ताप गेला होता, चेहरा भरला होता. जळगावला भाचीकडे निघाल्या होत्या. दवाखान्यातल्या गर्दीत त्यांनी चुडामणांकडे धड पाहिलंही नव्हतं, त्यामुळे खाकीतला हा माणूस त्यांना इतर कोणत्याही खाकीतल्या माणसासारखाच होता. मधल्या सीटवर बसून त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढली. प्लास्टिकमध्ये घालून पक्का केलेला कागद.

चुडामण तिकीट द्यायला पोचले तेव्हा आसपासच्या दहा-बारा माना त्या कागदावर वाकल्या होत्या.

"हाऊ मन्हा रगतना फोटो शे," भिकुबाई सांगत होत्या. "लेसरवर काढेल. ह्या दोन डोंगर देखा. बठ्ठास्ना रगतमा ऱ्हातस म्हने, पन मन्हा उच्चा शेतस. मोठा सायेब उना व्हता देखाले. म्हने, आसं रगत मी कव्हयच देखं नही."

"आं?" शेजारची बाई म्हणाली. "मंग अकरा लोके रगत देवाले गये व्हतात ते?"

"ते घेवाले गये व्हतात," भिकुबाई म्हणाल्या. "मन्हं."

निंबा आरशातून मागे पाहत होता. गाडीचा वेगही त्याने थोडा कमी केला.

"अन् यंत्र कोनी चालाडं?" कुणीतरी विचारलं.

"एक पोर व्हती. काय माहीत कोनी. कोन्या कंडक्टरनी शे म्हनतस." भिकुबाईंनी कागद मांडीवर नीट ठेवला. "पन पोर सोनं शे. हात नही लावता मन्हं रगत वळखं तिनी. तिना मायबापनी काय पुण्य करेल व्हई, देव जाने."

चुडामणांचं तोंड उघडलं. निंबाने आरसा नीट केला. पण चुडामणांनी ते तसंच मिटलं. बारा मानांच्या वरून तेरावी मान वाकवून ते त्या दोन डोंगरांकडे पाहू लागले. पाहता पाहता त्यांचं बोट आपोआप पुढे गेलं.

भिकुबाईंनी ते बोट चापट मारून बाजूला केलं.

"लांबथीन देख, भो," त्या म्हणाल्या. "आशी वस्तू कोनाबी हातमा देतस नही."

"बरोबर आहे, आजी," चुडामण म्हणाले, आणि दोन्ही हात पाठीशी बांधून एरंडोल येईपर्यंत लांबूनच पाहत राहिले.